जाळीआडची हेल्मेटं

बंगळूरला बेळ्ळंदूरच्या साइटवर चौदा मजले होते आणि मी पडलो तीन फुटांवरनं. घोडीवरनं. गिलावा करताना पायाखाली घेतात ती लाकडी घोडी. काम करताना पडलो असतो तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. मी तिच्यावर उभा राहून चहा पीत होतो. ग्लास हातात शाबूत राहिला, गुडघा गेला.

दोन महिने अंथरुणात काढून परत आलो तेव्हा इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "काका, आकडे लिहिता येतात का?" साहेब पुण्याचे, वय माझ्या जावयाएवढं. मला काका म्हणायचे, चिडले की नुसतं 'अहो'. मी म्हटलं, आकडे येतात. अक्षरांशी ओळख आहे, पण घरोबा नाही, चौथीतच आमचं बिनसलं. ते म्हणाले, हजेरीला आकडेच लागतात. असा मी हजेरीवाला झालो. निपाणीला बायकोनं गल्लीभर सांगितलं की आमच्या ह्यांना ऑफिस मिळालं. ऑफिस म्हणजे गेटजवळची पत्र्याची खोली, एक खुर्ची, एक रजिस्टर आणि भिंतीवर अंगठ्याची मशीन.

मशीन चांगली होती. अंगठेच वाईट होते. सिमेंटमध्ये वर्षानुवर्षं हात घातलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेघा उरतच नाहीत, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो तो. हिरवा दिवा लागला तर हजर. लाल लागला तर मशीनच्या लेखी तुम्ही जन्मालाच आला नाही. रोज वीसेक जणांना लाल लागायचा. त्यांची हजेरी मी हातानं लावायची, आणि लावायच्या आधी माणूस कामावर उभा आहे हे वर जाऊन बघायचं, असा साहेबांचा नियम होता. वर जायचं म्हणजे जिना. लिफ्ट मालाची, माणसांना बंदी. जिना नुसता दिसला तरी माझा गुडघा कुरकुरायला लागायचा.

म्हणून मी डोकं चालवलं. मी डोकं चालवलं की काहीतरी मोडतंच.

गिलाव्याची एक टोळी होती, बारा जणांची. सकाळी अकरा जण बाहेर परांचीवर, ऊन चढलं की तेच आत खोल्यांत. बारावी अक्का. ती दिवसभर आतच, ओल्या गिलाव्याला पाणी मारायला. परांचीला बाहेरनं हिरवी जाळी लावलेली. खालनं बघितलं की माणूस कळत नाही, पिवळं हेल्मेट तेवढं कळतं. मी दहा वाजता खुर्ची गेटाबाहेर घ्यायचो, मान वर करायचो आणि हेल्मेटं मोजायचो. अकरा भरली की टोळी पुरी. मशीननं नऊ घेतले असले तर हातानं लावायचे दोन. कुठले दोन, ते मेस्त्री खाली येऊन सांगायचा. मेस्त्री कलबुर्गीकडचा, बोलायला फार गोड. "अण्णा, माझ्या मेहुण्याला लाल लागला, त्याच्या दोस्तालापण. लिहून घे."

मी लिहून घ्यायचो. बेरीज जुळायची. शाळेत माझी एकही बेरीज कधी जुळली नव्हती, त्यामुळं मला ते फार मोठं वाटायचं. एकदा तर मी साहेबांना म्हणालो होतो, "साहेब, परांचीच्या कडेची ती दोघं बघा. चहालासुद्धा उतरत नाहीत. बाकीच्यांनी शिकावं त्यांच्याकडनं."

असं पाच महिने चाललं. मग एका बुधवारी सकाळी अक्का माझ्या दारात उभी राहिली.

अक्का आमच्याच बाजूची, अथणीकडची. मराठी बोलता बोलता कानडीत जायची आणि परत यायची, सीमेवरच्या आम्हा लोकांची जीभ तशीच. म्हणाली, "अण्णा, माझा नव्वद दिवसांचा कागद करून दे."

हा कागद काय ते सांगतो. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलं असं साइटनं लिहून दिलं की कामगाराचं सरकारी कार्ड निघतं. कार्ड असलं की पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते. अक्काच्या मुलीला नर्सिंगला जागा लागली होती. शुक्रवारी अर्ज गेला नाही तर ह्या वर्षीची मदत गेली, आणि मदत गेली की मुलगी घरी बसणार, हे अक्कानं मला दोन वाक्यांत सांगितलं. रडली-बिडली नाही.

मी रजिस्टर काढलं. तिचे दिवस मोजले. त्र्याऐंशी.

"ब्याण्णव आहेत," ती म्हणाली.

"तू कशी मोजलीस?"

तिनं कमरेच्या पिशवीतनं एक दोरी काढली. सिमेंटच्या पोत्याच्या शिलाईची पांढरी दोरी, सगळी गाठींनी भरलेली. रोज कामावरनं उतरली की एक गाठ. "मोज," म्हणाली. मी मोजल्या. पहिल्यांदा एक्क्याण्णव आल्या, दुसऱ्यांदा त्र्याण्णव. तिनं दोरी माझ्या हातातनं काढून घेतली, एकदाच मोजली. ब्याण्णव.

"मग माझे नऊ दिवस कुठं गेले?"

"त्या दिवशी लाल लागला असेल."

"लागला होता. लाल लागला की मी तुला सांगून वर जात होते. तू म्हणायचास, सरी सरी, लिहितो."

हे खरं होतं. मी सरी म्हणायचो आणि चहाला जायचो. दहाला खुर्ची बाहेर, जाळीत अकरा हेल्मेटं, टोळी पुरी. आत पाणी मारणारं बारावं माणूस जाळीत दिसायचंच नाही, आणि मला जे दिसत नव्हतं ते मी लिहीत नव्हतो. त्याला मी शिस्त समजत होतो.

तिला म्हटलं, चल, तुझ्या गवंड्यांना विचारू, ते सांगतील तू होतीस म्हणून. पाच महिन्यांत मी पहिल्यांदा अकराव्या मजल्यावर चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबलो. अक्का माझ्यासाठी थांबत होती, ते जास्त लागत होतं.

वर एका खिडकीतनं मी परांचीवर डोकं काढलं. कडेला माझी दोन कष्टाळू माणसं होती. दोन उभ्या पाइपांच्या टोकांना बाइंडिंग तारेनं बांधलेली दोन हेल्मेटं. खाली पोत्याचं चिंधूक कोंबलेलं, मान वाटावी म्हणून. वारा आला की डुलायची.

शेजारी एक म्हातारा गवंडी थापी मारत होता, बेळगावचा. त्याला विचारलं, "मामा, हे कोण?"

"हा मेस्त्रीचा मेहुणा. पलीकडं त्याचा दोस्त."

"आणि खरे कुठं आहेत?"

"जे. पी. नगरला. तिथं एका बंगल्याचं काम धरलंय त्यांनी. आठवड्यातनं दोन-तीन दिवस तिकडंच."

"हे कधीपासनं?"

"तू खालनं मोजायला लागलास तेव्हापासनं," मामा म्हणाले आणि थापी मारत राहिले.

मी तिथंच खिडकीत बसलो. ज्यांची डोकी साइटवर नव्हती त्यांना मी हजर लावलं होतं. जिचं डोकं रोज होतं तिला गाळलं होतं. हेल्मेटांची शिफारससुद्धा केली होती साहेबांकडं.

खाली उतरतो तर मेस्त्री खोलीत आधीच हजर. त्याच्यापर्यंत बातमी माझ्या आधी जिना उतरली होती. "अण्णा, कशाला वाढवतोस?" म्हणाला. "अक्काचे नऊ दिवस लिहून टाक. पेन तुझ्याच हातात आहे. माझ्या दोघांचं तेवढं तोंडातनं काढू नको. स्वल्प अॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घे."

खोटं कशाला सांगू, मी पेनचं टोपण काढलं होतं. नऊ खुणा करायच्या होत्या, नोकरीपण राहत होती. अक्का दारात उभी राहून ऐकत होती.

"अण्णा, ठेव पेन," ती म्हणाली. "मी दिवस मागून घेत न्हाई. मी आले होते. त्याच्या टोप्यांच्या बदल्यात माझे दिवस मला नकोत."

मेस्त्री हसला. "मग राहू दे मुलीला घरात."

तो हसला नसता तर मी काय केलं असतं, देव जाणे. मी टोपण लावलं आणि साहेबांकडं गेलो.

साहेबांना सगळं सांगितलं. जाळी, खुर्ची, चहा, चिंधूक. ते ऐकत ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "अहो."

"म्हणजे ती दोघं चहाला का उतरत नव्हती ते कळलं," पुढं म्हणाले. "आणि ह्या बाईंच्या त्र्याऐंशी दिवसांवर तरी मी सही कशी करू?"

"ते त्र्याऐंशी मशीनचे आहेत साहेब. हिरव्या दिव्याचे. त्यांना माझा हात लागलेला नाही, म्हणून बरोबर आहेत."

"आणि नऊ?"

"नऊ माझे."

गेटच्या कॅमेऱ्यात आठच दिवसांचं राहतं, मागचं पुसलं जातं. दोरीच्या गाठी त्यांनी हातात घेऊन बघितल्या, मान हलवली. "काका, गाठी मीपण मारू शकतो. तारीख पाहिजे. नऊतले सात दिवस पुराव्यानिशी दाखवा, नव्वद होतात, मी सही करतो. उद्या संध्याकाळपर्यंत." दाराकडं गेलो तेव्हा म्हणाले, "आणि खुर्चीत बसून नको."

रात्रभर गुडघ्याला तेल चोळत बायकोशी फोनवर बडबडलो, ते सांगत नाही. गुरुवारी सकाळी मशीनचं काम आटोपलं आणि ते नऊ दिवस एका कागदावर तारखेनं लिहून अक्काकडं गेलो. म्हटलं, ह्या दिवशी तू नेमकं काय करत होतीस, ते आठव.

"पाणी मारत होते."

"ते रोजच. पण ह्याच दिवशी मारलंस हे कोण सांगणार?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की चौथीतले गुरुजी आठवले. मग पाण्याची नळी खाली ठेवून समोरच्या भिंतीकडं बोट केलं.

गिलावा झाला की गवंडी भिंतीच्या कोपऱ्यात गेरूनं तारीख टाकतो. का, तर तिथनं सात दिवस भिंतीला पाणी मारायचं असतं, नाहीतर चिरा पडतात. हे मी वीस वर्षं बघत आलोय. तारखेखाली काय असतं ते मात्र कधी बघितलं नव्हतं. तारखेखाली अक्काच्या रेघा होत्या. पाणी मारलं की एक रेघ. सात रेघा, सात दिवस. एकदा कुणीतरी चिरांचा दोष तिच्यावर ढकलला होता, तेव्हापासनं ती प्रत्येक भिंतीवर रेघ मारत होती. पाणी मारणारी ती एकटीच, त्यामुळं रेघ तिचीच. माझं रजिस्टर गेटात पडलं होतं आणि तिचं बिल्डिंगभर.

फक्त ते रजिस्टर मिटत चाललं होतं. पुट्टीवाले वरच्या मजल्यापासनं खाली येत होते. चौदा, तेरा, बारा पांढरेशुभ्र झाले होते. आता अकराव्यावर होते. शहाण्या माणसानं आधी अकरावा गाठला असता. मी नवव्यापासनं सुरुवात केली, दोन जिने वाचतात म्हणून.

नवव्यावर दोन दिवस मिळाले. मी तारीख वाचायची, बोटानं रेघा मोजायच्या, कागदावरच्या तारखेशी लावायच्या, मग फोनवर फोटो. फोटोत निम्म्या वेळा माझा अंगठा यायचा, तोच तो, गुळगुळीत. दहाव्यावर चार मिळाले. तिथंच एका खोलीत चार रेघांनंतर एक गोल काढलेला होता, आणि मग पुढं रेघा.

"हा भोपळा कसला?"

"त्या दिवशी ताप होता. आले न्हाई."

मी रजिस्टर उघडलं. त्या तारखेला तिची गैरहजेरीची फुली होती. आणि ती फुली बरोबर होती. पाच महिन्यांत मी त्या रजिस्टरात एक गोष्ट बरोबर लिहिली होती, आणि ते मला भिंतीकडनं कळलं.

सहा झाले होते. अजून एक पाहिजे होता, अकराव्यावर. गुडघा दोरीनं आवळून बांधला आणि चढलो. पहिले दोन फ्लॅट पांढरे झालेले. तिसऱ्यात एक बिहारी पुट्टीवाला समोरच्या भिंतीवर पत्ती ओढत होता. निम्मी भिंत झाली होती. उरलेल्या निम्म्यात, कोपऱ्यात, गेरूची तारीख दिसत होती.

"भैया, रुको," मी म्हटलं.

त्यानं वळून बघितलं. "रुकें? पिछले हफ्ते दस मिनट लेट आए तो आप ही आधा दिन काटे थे."

कापला होता. खुर्चीत बसून कापला होता. मी म्हटलं, "आज मैं बोलता हूँ, बैठो. दहा मिनिटं. चाय पियो."

"लिखकर दोगे?"

मी त्याला लिहून दिलं. रजिस्टरच्या मागच्या पानावर, 'दहा मिनिट मी बसवला', खाली सही. तो बादली पालथी घालून बसला आणि मला भिंतीवर बोट फिरवताना बघत राहिला. सात रेघा होत्या. माझ्या कागदावरच्या दोन तारखा त्यांत बसत होत्या. एकाऐवजी दोन मिळाल्या. अक्कानं माझ्या कागदावर डोकावून विचारलं, "किती?"

"आठ. एक्क्याण्णव झाले."

"आणि एक?"

"एक पुट्टीखाली गेला. तो मी नवव्यापासनं सुरुवात केली त्याचा."

तो एक दिवस ती विसरलेली नाही, अजून अधूनमधून मागते.

साहेब स्वतः वर आले. फोटोवर भागवलं नाही. तिन्ही मजल्यांवर फिरले, गिलाव्याच्या तारखा आपल्या वहीशी ताडून बघितल्या, भोपळ्यापाशी थांबले. अक्काला विचारलं, इथं रेघ का नाही. ती म्हणाली, "पाणी मारलं न्हाई, तर रेघ कशी मारू साहेब?" साहेबांनी तिथंच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली.

मग माझ्याकडं वळले. म्हणाले, रजिस्टरात लाल पेननं लिहा की हे दिवस तुम्ही वर न जाता गाळले, आणि मेस्त्रीच्या दोघांचे न बघता लावले. एवढं लांब मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. अर्धा तास लागला. साहेब घड्याळ न बघता थांबले. "खरं तर तुम्हाला काढायला पाहिजे," म्हणाले.

"काढा साहेब. पण पंधरा दिवस द्या आधी. मी जे भोक पाडलंय ते बुजवून जातो."

"कसं बुजवणार?"

खरं म्हणजे मी आदल्या दिवशी जिना उतरतानाच ठरवलं होतं. माझ्या आजोळी, कागलकडं, तलाठी चावडीवर उतारे मोठ्यानं वाचायचा. गाव समोर बसायचं. कुणाच्या नावावर काय आहे ते सगळ्यांच्या कानावर पडायचं, आणि चुकलं की तिथल्या तिथं लोक ओरडायचे. तलाठ्याला काही लपवता यायचं नाही, गावालापण नाही. मी म्हटलं, रोज दोनदा वर जाणार, तोंड बघणार, लाल लागलेल्याला नावानं हाक मारणार. हेल्मेट मोजणार नाही. आणि साडेपाचला गेटावर दिवसाची हजेरी मोठ्यानं वाचणार. आलेला गाळला तर तो बोलेल. न आलेला लावला तर शेजारचा बोलेल.

"तुम्हाला वाचता कुठं येतं?" साहेब म्हणाले.

"अडखळत येतं. अडखळलो की लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात."

त्याच संध्याकाळी सुरू केलं. पहिल्या दिवशी लोकांना घरी जायची घाई, मी एकेका नावावर गाडी अडवून उभा. हसले, शिट्ट्या मारल्या. मेस्त्रीच्या मेहुण्याचं नाव आलं तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना मेस्त्रीकडं वळल्या. बेळगावचे मामा मागनं म्हणाले, "जे. पी. नगर." मी फुली मारली. मेस्त्री बघत होता. मी दुसरं नाव वाचलं.

शुक्रवारी मी अक्काबरोबर राजाजीनगरला गेलो, तिथं अर्ज घेत होते. तिला एकटीला जाता आलं असतं, पण कागदावर कुणी शंका काढली तर चूक करणारा माणूस शेजारी उभा असलेला बरा. सकाळी साडेसातची बस, वाटेत ट्रॅफिक, मग रांग. खिडकीतल्या माणसानं कागद वाचला, साहेबांची सही बघितली, दिवस मोजले, शिक्का मारला आणि पोचपावती दिली. मला काही विचारलंच नाही. मी कबुलीजबाब पाठ करून गेलो होतो, तो तसाच घेऊन परत आलो. अक्कानं पावती चार घड्या करून पिशवीत ठेवली आणि मुलीला फोन लावला. कानडीत एवढंच म्हणाली, "झालं. बॅग भर."

साइटवर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. साडेपाचला गेटावर उभा राहिलो. सगळी नावं वाचून झाली. अक्काची अर्धी लावली होती, तिनं मान डोलावली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या साइटवर एकाच माणसाची हजेरी कुणी बघत नाही, आणि तो मी. माझं मीच लावतो. मग खाली कोऱ्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि तेपण मोठ्यानं वाचलं. "हजेरीवाला. पुरी."

पुट्टीवाला बिहारी पहिला ओरडला, "आधा." मग मामा. मग सगळी टोळी एका सुरात. अक्का सगळ्यांत शेवटी म्हणाली, हळू, "अर्धी रे अण्णा. माझ्याबरोबर होतास."

मी पुरी खोडली आणि अर्धी लावली. दुसऱ्या दिवसापासनं यादीत शेवटचं नाव माझंच असतं. पंधरा दिवस कधीच संपले. तो विषय साहेबांनी काढला नाही, मीपण काढला नाही.